बिनतारी हातब्रेक

कनाटा,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप अवनेरभाऊ,

नंदनचा नमस्कार आणि शालोम, दोन्ही. तुमच्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा यंदा फार उशिराने देतो आहे, त्या गोड मानून घ्याव्यात. एस्सीवहिनींचा गुडघा कसा आहे? बर्फ पडायच्या आत ऑपरेशन उरकणार होत्या, त्याचं काय ठरलं? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे. मृणालिनीबद्दल पुढे लिहितो. (तुम्ही ईमेल उघडत नाही आणि फोनवर हे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून कागद.)

मे महिन्यात तुम्ही आमच्या गराजमध्ये उभे राहून माझ्या गाडीकडे पाहिलंत आणि एवढंच म्हणालात, ‘नंदन, मागच्या चाकांना हातब्रेकची तार घाल, बाकी काय वाटेल ते कर.’ स्ट्रीटकारच्या डेपोत तीस वर्षं ब्रेक बसवलेला माणूस बोलतो आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. उलट मी म्हणालो की तारांचे दिवस गेले, मी अख्खा जन्म टेलिकॉममध्ये लोकांच्या तारा काढून टाकण्यात घालवला, आता स्वतःच्या गाडीत तार घालू? तुम्ही चहा अर्धा ठेवून टोपी घातलीत. त्यानंतर पाच महिने तुमचा फोन नाही. चूक माझी होती. (हे वाक्य नीट उतरेपर्यंत दोन कागद फाडले.)

गाडी तीन वर्षांपूर्वी अकरा खोक्यांतून सुटी सुटी आली तेव्हाच मृणालिनीने अट घातली होती, की ही वस्तू आपल्या ड्राइव्हवेवर कुणी न धरता उभी राहील त्या दिवशी मी तीत बसेन, त्याआधी नाही. आमचा उतार तुम्ही पाहिला आहे. पिशवीतून बटाटा निसटला तर थेट समोरच्यांच्या दारात जातो. आधी मी विजेचा ब्रेक आणला, मोडीत निघालेल्या एका गाडीचा. बटण दाबलं की छोटी मोटर फिरते आणि चाक धरते. पण आपण परक्या घरी आलो आहोत हे त्याच्या कॉम्प्युटरला लगेच कळलं. तो जुन्या गाडीच्या दरवाज्यांची, पट्ट्यांची, एअरबॅगची चौकशी करत बसला, आणि कुणीच उत्तर देईना तेव्हा त्याने चाक धरायला साफ नकार दिला. मग मिळाली एक पितळी झडप, तळहातावर मावेल एवढी. पायाने ब्रेक दाबायचा, दोन सीटांमधली कळ फिरवायची, की दाबलेलं तेल नळीत अडकून पडतं आणि चाकं धरलेली राहतात. तार नाही, दांडा नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी उतारावर उभी केली. सकाळी ती तिथेच होती. मी तिच्यासमोर हात जोडले, खोटं नाही सांगत.

मृणालिनी शब्दाची पक्की. रेशमी साडी नेसली, वरून विंटर जॅकेट चढवलं, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि ओवाळून झाल्यावर तबक हातात घेऊन शेजारच्या सीटवर बसली. मी फोटो काढायला बाजूला उभा. तेवढ्यात लिंबं फुटल्याचा आवाज झाला आणि गाडी निघाली.

अवनेरभाऊ, मी धावायला हवं होतं. मी धावलो नाही. सहाशे किलोची वस्तू, जिचा एकेक बोल्ट मी आवळला आहे, ती मला न विचारता चालली होती आणि तिच्यात माझी बायको तबक धरून ताठ बसली होती. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. गाडीने रस्ता ओलांडला, समोरच्या डगच्या ड्राइव्हवेवर निम्मी चढली, क्षणभर थांबली आणि उलटी परत आली. आमच्याकडे चढली. पुन्हा डगकडे. डग रेकने पानं गोळा करत होता. दर खेपेला पाऊलभर बाजूला व्हायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. तिसऱ्या खेपेला मला म्हणाला, ‘सो क्वाएट. इलेक्ट्रिक?’ चौथ्या खेपेला जोर सरला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी पोचलो तेव्हा तबकातलं निरांजन जळत होतं. उपग्रहाशी बोलणारी यंत्रं मी हाताळली आहेत, पण इतका थक्क कधी झालो नव्हतो. लिहायला लाज वाटते, डोळ्यांत पाणी होतं. किती सुरेख चालत होती हो.

मग कारण सापडलं. पहाटे पारा शून्याला टेकला होता. थंडीने तेल आकसलं, दाब उतरला, चाकं सुटली. तार ओढली की ओढलेली राहते, तिला थंडी-ऊन कळत नाही. या अडाणीपणापुढे मी आता नतमस्तक आहे. पण खरी काळजी निराळीच आहे. त्या दिवसापासून मृणालिनी गाडीबद्दल अवाक्षर काढत नाही. रागावली असती तर परवडलं असतं. भाजी चिरताना मध्येच थांबते आणि खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत राहते. विचारलं तर म्हणते, ‘कुठे काय?’ तिला शेजारी बसवून एकदा नदीकाठाने जायचं, एवढ्यासाठी मी तीन वर्षं गराजमध्ये काढली. आता ती पुन्हा बसेल असं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ होताच, राग ओसरला असावा ही आशा.

आपला,
नंदन

ता. क. तार आणि दांडा मागवून ठेवला आहे. तारेच्या टोकाला बोंड दाबून बसवायचं काम मात्र मला तीनदा करूनही जमलेलं नाही. तुम्ही याल का? रस्त्यांवर बर्फ वितळवायचं मीठ पडलं की गाडी एप्रिलपर्यंत बाहेर निघायची नाही. ट्रेनने या, फॅलोफील्ड स्टेशनवर घ्यायला येतो. (साध्या गाडीने.)

ता. ता. क. ‘मी म्हणालो होतो’ असं एकदा म्हणायला हरकत नाही. दोनदा नको.

अवनेरभाऊ, मी मृणालिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं आहे, म्हणून खाली चार ओळी. तेलबिल काही आकसलं नव्हतं. ती कळ मी फिरवली. तीन वर्षं नुसतं ऐकत होते, म्हटलं एकदा बघू तरी. भाऊ, काय सांगू, असं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खिडकीतून बघते ते त्यासाठीच. यांना यातलं बोलू नका, आणि तार घालाच, तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त दांडा माझ्या बाजूला बसवा. का म्हणून विचारलं, तर म्हणावं तार तेवढीच पुरते.