मले धर

माय, मी आयर्लंडला जाऊन आले. हे नाव तुझ्या कानावर कधी पडलं नसेल. मलाही ते नकाशात बोट ठेवण्यापुरतंच माहीत होतं. तुझी नात तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे नावाच्या गावात, दवाखान्यात नर्स आहे. जावई केरळचा, तोही नर्स. त्यांची मुलगी, म्हणजे तुझी पणती, सहा वर्षांची. घरात तिघंही इंग्रजी बोलतात, कारण नवरा-बायकोला दुसरी सामाईक भाषा नाही. लेक दर रविवारी फोनवर म्हणायची, ‘आई, तू ये आणि हिला चार शब्द मराठी शिकव, माझ्यानं होत नाही.’ मी रिटायर झालेली मास्तरीण, शिकवायला कुणी मिळालं नाही की मला करमत नाही. मे महिन्यात चंद्रपूर नुसतं भाजून निघत होतं, तेव्हा बॅगेत लाखोळीची डाळ, तिखट आणि दोन स्वेटर भरून निघाले. सहा आठवडे हाताशी होते. माझे गुडघे बघता पुन्हा एवढ्या लांब जाणं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्या सहा आठवड्यांत पोर माझ्याशी बोलायला लागली नाही, तर पुढं सगळा जन्म ‘हॅलो आजी, बाय आजी’ यावरच निभवायचं होतं.

पोरीची शाळा तिथल्या जुन्या भाषेतली आहे, आयरिश भाषेतली. इंग्रजी घरी, आयरिश शाळेत. पहिल्या दिवशी मी ग्लास दाखवून म्हटलं, पाणी. तिनं पाणी म्हटलं आणि लगेच मला म्हणायला लावलं, ‘इश्का’. त्यांच्या भाषेत पाण्याला इश्का म्हणतात. मी इश्का म्हटलं तर पोट धरून हसली, म्हणे आजी, तुला जमत नाही. मी कागदावर रोजचे दहा शब्द लिहून भिंतीला चिकटवायचे आणि संध्याकाळी पाठ विचारायचे. तिथं रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो, त्यामुळं संध्याकाळ काही संपत नाही. पोर शब्द सांगायची, पण विचारला तरच. आपणहून एक अक्षर नाही. लेक म्हणाली, ‘आई, तू शाळा भरवून राहिलीस घरात.’ मी म्हटलं, शाळा भरवल्याशिवाय कुणाला काय आलं आहे?

दोघांच्या ड्युट्या पाहून सुटी जुळली की आम्ही गाडीनं सकाळी निघायचो आणि रात्री घरी यायचो. पहिल्यांदा मोहरचे कडे पाहिले. जमीन चालता चालता एकदम संपते आणि खाली समुद्र. वारा असा की माझा पदर जावयानं मागून धरून ठेवला होता, बिचारा लाजून दुसरीकडे बघत होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘येवढं पाणी, अन् पेवाले घोटभर नाई.’ हे मी लेकीला सांगितलं, ती हसली. पोरीनं विचारलं काय झालं, तर लेकीनं इंग्रजीत सांगितलं, आणि इंग्रजीत त्यात हसण्यासारखं काही उरलंच नाही.

दुसऱ्या वेळी कॉनेमारा नावाच्या भागात गेलो. तिथं माणसं कमी आणि मेंढ्या जास्त. पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या रस्त्यातच बसतात आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. दोन्ही बाजूंनी काळीभोर ओली जमीन, आणि तिच्यातून विटांसारखे तुकडे कापून वाळायला उभे केलेले. जावई म्हणाला, ही माती वाळली की लोक चुलीत जाळतात. मला थेट आपल्या गोवऱ्या आठवल्या. हात लावून बघावं म्हणून मी वाट सोडून दोन पावलं आत गेले, तर डावा पाय गुडघ्यापर्यंत खाली. उपसायला गेले तर आणखी खाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘मले धर वं! मले धर!’

चाळीस वर्षांत माझ्या तोंडी ‘मले’ आलं नव्हतं. मुलीच्या बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हा नाही. तिथं चिखलात मी आठ वर्षांची झाले. मूल गावाजवळ पाटलाच्या भाताच्या बांधीत रोवणा चालू आहे, तू ओणवी होऊन रोपं लावते आहेस, मी तुझ्यामागं पेंढ्या घेऊन येते आहे आणि माझा पाय अडकतो. तू सरळ उभीही होत नाहीस, फक्त खांदा पुढं करतेस. ‘मले धर. आता टाच काढ पहिले, मंग पंजा. वडू नको, वडलं का अजून आत जाते.’ मी परदेशातल्या त्या चिखलात, वाटेच्या कडेला धावत आलेल्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, आधी टाच काढली, मग पंजा, आणि बाहेर आले. बूट आतच राहिला, तो जावयानं काढला.

परतीच्या वाटेवर पोर गाडीत मागं बसून गात होती. ‘मले धर, मले धर, आजी मले धर.’ स्वतःशीच हसत होती. न विचारता, न पाठ घेता तिनं बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य. गाडी चालवणारी लेक आरशातून तिच्याकडे बघून हसत होती. आणि मी काय केलं, सांगू? मी मागं वळून म्हटलं, ‘मले नाही बेटा. मला. मला धर, असं म्हणावं.’ तिनं एकदा नीट ‘मला धर’ म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. लेक म्हणाली, ‘आई, बोलू द्यायचं होतंस ना.’ मी म्हटलं, चुकीचं एकदा पाठ झालं की निघत नाही. जावयाला काही कळलं नाही, त्यानं सगळ्यांना बिस्किटं दिली.

त्यानंतर आठ दिवस पोर माझ्याशी मराठी बोलली नाही. रुसली वगैरे नव्हती. मांडीवर यायची, माझ्या हातचं वरण मिटक्या मारत खायची. पण भिंतीवरचा शब्द विचारला की ‘आय डोन्ट नो, आजी’. तिला चुकायचं नव्हतं, म्हणून ती बोलतच नव्हती. मला ते कळत होतं, पण मी वर्गात हजार वेळा पाहिलेली गोष्ट होती ती, आणि प्रत्येक वेळी मी तिला आळस म्हणत आले होते.

मग आम्ही बोटीनं एका बेटावर गेलो. सगळीकडे दगडाचे बुटके बांध, मधे हातरुमालाएवढी शेतं. फिरायला टांगा. टांगेवाला म्हातारा, तुझ्यासारखाच वाळका आणि ताठ. पोर त्याच्याशी आयरिशमध्ये बोलली तर त्यानं घोडा थांबवला आणि मागं वळून तिच्याकडे बघतच राहिला. मग दोघांचं जे सुरू झालं ते सगळी वाट चाललं. मधेच पोर गप्प झाली. मी विचारलं, काय सांगतात हे टांगेवाले बाबा? तिनं इंग्रजीत सांगितलं, लेकीनं नीट समजावलं. म्हाताऱ्याच्या आजोबांच्या लहानपणी शाळा इंग्रजीत असायची आणि तिथं पोरांच्या गळ्यात दोरीनं एक काठी बांधत. आयरिशमधला एक शब्द बोलला की काठीवर एक खाच. संध्याकाळी मास्तर खाचा मोजणार आणि तेवढे फटके देणार. मी माझ्या मास्तरणीच्या इंग्रजीत विचारलं, मग पोरं घरी तरी बोलत असतील? तो म्हणाला, घरी आईबापच खाच करायचे. त्यांना स्वतःला दुसरी भाषा येत नव्हती, तरी करायचे. पोरांचं भलं व्हावं म्हणून.

माय, माझ्या वर्गात काठी नव्हती. जो ‘मले’ म्हणेल त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं, एवढंच. तुला तो दिवस आठवत असणारच. वरोऱ्याकडची माझी ती शाळा, नोकरीचं दुसरं वर्ष. मला ताप आल्याचं कुणाकडून तरी ऐकून तू रोवण्यातूनच उठून दोन बस बदलून आलीस. मी मागच्या बाकांपाशी वह्या तपासत होते. तू दारात उभी राहिलीस, हातात लाखोळीच्या वड्यांचा डबा, आणि पुढच्या पोरांना म्हणालीस, ‘लेकरायहो, मले माह्या पोरीले भेटाचं हाय. कुठी हाय तुमची बाई?’ पहिल्या बाकावरची मुलगी उठली. हुशार होती ती, माझा नियम तिला पाठ होता. ‘बाई, ह्या मले म्हणाल्या. यांना उभं करा.’ सगळा वर्ग हसला. मी पुढं आले आणि तुला म्हटलं, ‘मले नाही. मला. मला माझ्या मुलीला भेटायचं आहे, असं म्हणावं.’ तू डबा दोन्ही हातांत धरलास आणि एकेक शब्द करून म्हणालीस, ‘मला माझ्या मुलीला भेटायचं आहे.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत आपण वडे खाल्ले. तू माझ्या कपाळाला हात लावून पाहिलास, आणि चारच्या बसनं परत गेलीस.

त्यानंतर तू माझ्याशी कायम तसंच बोललीस. शेजारणींशी ‘मले’, विहारात वंदनेला येणाऱ्या बायांशी ‘मले’, माझ्या नवऱ्याशीसुद्धा ‘जावईबुवा, मले थो चष्मा देजा’. माझ्याशी मात्र ‘मला’. मी खूश होते. आई सुधारली, असं मी शाळेत सांगायचे. शेवटी चंद्रपूरच्या दवाखान्यात मी दाराबाहेरून ऐकलं, तू आयाबाईला म्हणत होतीस, ‘मले पाणी दे वं माय, घसा सुकून राह्यला.’ मी आत आले तशी तू उशीवर थोडी सरळ झालीस आणि म्हणालीस, ‘मला पाणी देतेस का?’ साहेबाशी बोलावं तसं. त्या टांग्यात बसून मला पहिल्यांदा समजलं की तू सुधारली नव्हतीस. तू मला परकी धरून बोलत होतीस, आणि ते मीच तुला शिकवलं होतं. इतकं वाईट मला तुला पोचवून आल्यावरही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बोटीच्या धक्क्यावर आम्ही रांगेत उभे होतो. वारा झोंबत होता. मी पोरीला म्हटलं, ‘मले थंडी वाजून राह्यली.’ तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी माझ्याच सुरात म्हणाली, ‘नो आजी. मला.’ आपलंच नाणं आपल्याला परत मिळालं. मी म्हटलं, ‘नाई बेटा. आजी चुकली होती. आपल्या घरी मले म्हणतात. माही माय म्हणे.’ ती विचार करत राहिली. लेक माझ्याकडे टकामका बघत होती, तिनं तरी माझ्या तोंडून हे कुठं ऐकलं होतं? मग आमची पाळी आली. बोट हलत होती, फळी ओली होती, माझा गुडघा पुढं सरेना. पोर आधी चढली, वळली आणि तिनं खांदा पुढं केला. हात नाही, खांदा. चिखलात मी तिथंच धरलं होतं ना. ‘आजी, मले धर,’ ती म्हणाली. मी धरलं.

आता ती रविवारी फोनवर ‘आजी, मले शाळा नाई आज’ असं काय काय सांगते. अर्धं चुकतं. मी ऐकून घेते.

हे सगळं वहीत लिहून काढलं, पण पाठवायचं कुठं? तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे, आणि वाचता वाचता त्याचं ‘मले’ही ‘मला’ करून टाकायचे. तेव्हा ही वही कपाटातच राहील. मात्र एक गोष्ट लिहायची राहिली. त्या दिवशी वर्गात मी तुला नियमासाठी टोकलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि ह्या वहीत आधीच्या पानांवर तुलाही तसंच लिहिलं. ते खरं नाही. तू बांधीतून तशीच आली होतीस, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला होता, आणि पोरं तुझ्या बोलण्याला हसण्याआधीच माझी नजर तिथं गेली होती. नियम मला नंतर आठवला. मले लाज वाटली होती, माय, तुह्या पायायची.