बॅकअपची लाल पट्टी

रविवार संध्याकाळ, विश्रांतवाडी

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी हळदीला नाच ऐन भरात असताना माझा लॅपटॉप बंद पडला. पडू दे, जुनाच आहे, म्हणून तर दुसरा जवळ ठेवायचा असतो. तो आणायचं काम निखिलचं, माझ्या डीजेच्या धंद्यातल्या पार्टनरचं. त्याने आणलाही. वर लाल चिकटपट्टी, त्यावर मोठ्या अक्षरांत 'बॅकअप'. गाण्यांचा पेनड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर आलं, परवानगी नाही! कारण लॅपटॉप त्याच्या ऑफिसचा, आणि कंपनीने बाहेरचे पेनड्राइव्ह बंद करून ठेवलेत. परदेशातल्या बँकेचे सर्व्हर कोसळले तर काय करायचं, हे ठरवायचा पगार घेतो हा माणूस. घरी एकदा लावून बघता आलं नाही? वर मलाच म्हणतो, "अरे, पट्टी लावली होती ना!"

नवरीची मावशी पुढे आली. "अहो, आम्ही थांबू, की एखादा इंजिनिअर बोलवू?" समोर आम्ही दोन इंजिनिअरच उभे होतो. कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी बायकांनीच टाळ्यांवर हळदीची गाणी धरली. माझा लॅपटॉप सुरू झाला, मी आवाज वाढवायला गेलो, तर मावशी म्हणाली, "राहू द्या हो, आत्ता कुठे रंग आलाय."

तेवढ्यात निखिल माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "बघ, निघाला की नाही बॅकअप?"

ती लाल पट्टी तिथल्या तिथे उचकटून त्याच्या तोंडावर का नाही चिकटवली मी?