मिठाच्या कोठारातली फटफटी

२ ऑक्टोबर १९५५, रविवार

आज राघोदादाने फटफटीचं नाव काढलं. पाच वर्षांत पहिल्यांदा!

मी अंगणात दाढी करत होतो. तो ओटीवर, कुबड्या शेजारी टेकवून. सहज म्हणाला, "परशा, ती गारी काढ कोठारातनं. भाऊबीजेला सगुणाकडं जायाचा हाय मना."

ब्लेड गालाला लागलं.

सगुणा आमची एकुलती बहीण, खडवलीला दिलेली. दादाचा पाय गेल्यापासून दर भाऊबीजेला तीच इकडे माजिवड्याला येते. ओवाळून झालं की मोरीत जाऊन रडते, आणि ते ओटीपर्यंत ऐकू येतं. यंदा गणपतीत तिला मुलगा झाला. तान्हं घेऊन ती येणार नाही.

बैलगाडी करू म्हटलं, तर दादा म्हणतो, "मी काय मिठाची गोन हाय?"

३ ऑक्टोबर

कामावर लेथपाशी आज दोन तुकडे फुकट घालवले. लिहूनच टाकतो. या घरात वाचता येतं मला एकट्याला, तेव्हा वहीला कसली भीती.

पन्नास साली, त्या दिवशी सकाळी, ब्रेक मी उघडलेला. ब्रेकच्या सळईच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पिन असते. ती नसली की सळई सुटते आणि पाय नुसताच खाली जातो. मी पिन परत घातली का? आठवत नाही. पाच वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. त्याच संध्याकाळी दादा नाक्यावर खडीच्या ट्रकखाली गेला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सगळ्यांना त्याने सांगितलं, म्हैस आडवी आली. मी काही विचारलं नाही. तेव्हापासून त्याच्याजवळ बसलो तर डाव्या बाजूला बसतो. उजवीकडे बघवत नाही.

गाडी उघडायची म्हणजे ती पिन बघावी लागणार.

५ ऑक्टोबर

उघडली नाही. वरचं गवत तेवढं काढलं.

आवडावहिनी दारात येऊन उभी. गाडीकडे तिने पाहिलंच नाही. "त्या कोठारात काय ठेवलाय रं सगल्यांनी? गनपती गेल्यावर हे बी हितंच पडलेले. उठवला तं बोलतात, कुबरी शोधीत होतो. कुबऱ्या तं दोनी बाजूलाच!" वहिनीचा राग खरा, पण तो गाडीवरचा. अपघातानंतर गाडी तिनेच हाताने ढकलत आणून इथे टाकलेली.

९ ऑक्टोबर, रविवार

पिन जागेवर आहे.

पुन्हा लिहितो. पिन जागेवर आहे!

सकाळी दार लावून घेतलं आणि बसलो. मिठाच्या कोठारात पाच वर्षं म्हणजे काय ते कळलं. मडगार्डला हात लावला तर पापडासारखं मोडलं. चेनची एक काठी झालेली. स्पोक तर बोटाने तुटतात. डाव्या बाजूला, ब्रेकपाशी, बघायचं धाडस होईना, म्हणून आधी सगळं बाकीचं बघून घेतलं. शेवटी कंदील जवळ नेला. सळई गंजून फुगलेली, पण पिन आहे. हिरवी पडलीये, दोन्ही टोकं नीट वळवलेली.

मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. लाज कसली. मी नाही पाडलं दादाला. म्हशीनेच पाडलं. देव तिचं भलं करो.

दुपारी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वहिनी बघतच राहिली. "भावजी, अंगातलं भूत उतरलं काय?" उतरलं वहिनी, उतरलं.

१० ऑक्टोबर

आता हात शिवशिवतायत. याच वहीत चित्र काढलं.

अडचण अशी. ब्रेक डाव्या पायाने, ते ठीक. पण गिअर उजव्या पायाने, आणि तोच नाही. मग गिअर हाताने! टाकीच्या बाजूने दांडा वर आणायचा. थांबल्यावर तोल जाईल, म्हणून डावीकडे एक डबा जोडायचा, तिसऱ्या चाकावर. तीन चाकांवर गाडी आपली आपण उभी राहील. किक मात्र कुणीतरी मारून द्यावी लागेल. तो कुणीतरी मीच.

दादाला चित्र दाखवलं. त्याने वही उलटी धरलेली, पण बराच वेळ बघितलं. "ब्रेक तपासलास?" एवढंच विचारलं.

"एकदम शाबूत," मी म्हणालो.

"बरा झाला," म्हणाला आणि विडी पेटवली.

१६ ऑक्टोबर

नवं काही घ्यायचं नाही असं ठरवलंय, कारण घेताच येणार नाही. चाकं, चेन, टायर कल्याणच्या मिलिटरी कॅम्पच्या भंगारातून. सीट गिरणीच्या फाटक्या पट्ट्याची. मडगार्ड घासलेटच्या डब्यांचे, आतून अजून वास येतो. इंजिनात जुनं तेल राहून गेलेलं, म्हणून आत गंज शिरला नाही. ते उघडलं तर पिस्टन चकाकत होता! गिअरच्या दांड्याला मूठ हवी होती. बाबांच्या मीठ ओढायच्या फावड्याचा दांडा कापला. त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेलं लाकूड, दुसरीकडे कुठे मिळणार.

डब्याचं काम चेंदणी कोळीवाड्यातल्या गुणाजीकाकाला दिलं. तो होड्या बांधतो. दादाचा जुना दोस्त, गणपतीला न चुकता घरी येणारा. मोबदला मिठाच्या दोन गोण्या.

दसरा

हत्यारांची पूजा केली. पाने, हातोडी, कानस. सगळ्यांच्या मधोमध ती पिन, कुंकवाच्या रिकाम्या डबीत. गाडीला नवी पोलादी घातलीये. वहिनी म्हणाली, "हा काय नवा देव?" नवाच म्हटलं. दादाने डबीकडे पाहिलं, मग झेंडूकडे. डबी देव्हाऱ्यातच राहू दे म्हणाला.

३० ऑक्टोबर

गुणाजीकाका डबा घेऊन आला. डबा कसला, होडी आहे! पुढे नाक, बाजूंना फुगवटा, होडीचाच उरलेला निळा रंग. फटींत कापूस आणि राळ ठासून भरलेली. मी बोल्ट लावले, हौसेने चार बादल्या पाणी ओतून धुतली. पाणी आत गेलं ते गेलंच. घोट्याएवढं तळं! थेंब बाहेर येईना.

"काका, खाली एक भोक पाडा," मी म्हटलं.

म्हातारा असा तापला! "पन्नास वर्सं होऱ्या बांधल्या. होरीला भोक पारायला सांगतोस मना?"

"रस्त्यावर चालायचीये ती."

"पानी कुठं बी येतं."

दादा ओटीवर इतका हसला की कुबडी पडली. त्याचं असं हसणं मी विसरूनच गेलेलो. भोक पाडायचं राहिलंच. पत्र्याच्या डब्याने पाणी उपसलं.

६ नोव्हेंबर

सुरू झाली. अकराव्या किकला. धूर, फटाके, गावातली सगळी कुत्री.

दादाला उचलून बसवलं. वहिनी आत गेली आणि दार लावून घेतलं. दादाने बाबांच्या मुठीवर हात ठेवला, पहिला गिअर टाकला, आणि गेला. मी मागून धावतोय, ब्रेक ब्रेक ओरडतोय. देवळापाशी त्याने ब्रेक दाबला. थांबली. वळवून आणली. पुन्हा गेला. पुन्हा थांबली. पाच-सहा वेळा नुसता ब्रेकच दाबून पाहिला त्याने.

परत आला तेव्हा दार उघडं होतं. वहिनी उंबऱ्यावर. गाडीकडे पहिल्यांदाच नीट बघत होती. "आवाज लय करते," म्हणाली आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज. खडवली.

पोचलो! पहाटे निघालो. भिवंडी, पडघा, मग खडवलीचा कच्चा रस्ता. दादा गाडीवर, मी होडीत, नेहमीसारखा त्याच्या डावीकडे. मांडीवर करंज्यांचा डबा. दोनदा चेन उतरली, एकदा होडीचा बोल्ट निसटला. पडघ्याला चहा प्यायला थांबलो तर भोवती बाजार भरल्यासारखी माणसं. एकाने विचारलं, ही पाण्यात बी जाते का? दादा म्हणाला, "मग! भोक नाय हिला."

आवाज ऐकून सगुणा पोराला छातीशी धरून वेशीपर्यंत आली. दादा गाडीवरून उतरला नाही. तिने तिथेच, रस्त्यात, सीटवर बसलेल्या दादाला ओवाळलं. मलाही. यंदा मोरीत गेली नाही. सगळ्यांसमोर रडली, हसत हसत.

इतकं हलकं मला कधी वाटलेलं आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी गोण पोचवायला कोळीवाड्यात गेलेलो. गुणाजीकाका रंधा मारता मारता म्हणाला, "राघोला ती तांब्याची तार पुरली काय रं? गनपतीला आलो तवा मागून घेतली. गारीच्या पिनेला पायजे बोलला. मी बोललो, लोखंडाची घाल. तं बोलतो, मिठात लोखंड टिकतं काय?"

टिकत नाही. मिठागरात जन्मलो मी! तांब्याचा हिरवा रंग बघून तिथल्या तिथे कळायला हवं होतं. मी लोखंडाची पिन वापरायचो. ती मी घातलीच नव्हती. म्हैसही नव्हती. ब्रेक लागला नाही हे दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी गाडी उघडायच्या आधी तो एका पायावर, अंधाऱ्या कोठारात, ती पिन घालून आला.

घरी आलो. दादा ओटीवर. "मीठ दिलास?" म्हणाला. दिलं म्हटलं. मग त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. तोही जरा सरकला.