सात वळणांच्या सात पिशव्या

नेसरी,
२३ जानेवारी २०२५

लाडके मुबशिरे,

इचलकरंजीत सगळी खुशाल असतील असं धरून चालते. यंत्रमागांच्या खडखडाटात झोप लागाय लागली का तुला? इथं बरं हाय. अंगणात मिरची वाळत घातलीया. सासूबाई काठी घेऊन राखणीला बसल्यात, पण कोंबड्या त्यांना जुमानत न्हाईत.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. सांगते, दम धर की.

तुझे दगड बघाय कोल्हापूरहून स्नेहल मॅडम आलत्या. जुन्या हत्यारांचाच अभ्यास करतात त्या. एकेक दगड भिंगातनं बघितला. ते नखाएवढं लालसर बाणाचं टोक तळहातावर घेऊन उन्हात फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "हे हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलंय. आणि ज्यांनी ते वाळूत ओळखलं, त्यांची नजर शिकवून येत नाही." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! म्हटलं, "आमची मुबशिरा हाय ती. सातवी शिकलीया."

खरंच गं, काय डोळा तुझा! ओढ्याला आपण दोघी धुणं घेऊन जायचो. मला दिसायचे ते नुसते खडे. तू पिळता पिळता थांबायचीस, वाकून एखादा उचलायचीस आणि म्हणायचीस, "वर्षे, ह्याला माणसाचा हात लागलाय." मी म्हणायची, "हात लागलाय म्हणं! तुलाच वारं लागलंय." अकरा वर्षं मी हसले आणि अकरा वर्षं तू वेचत राहिलीस. ओढ्याची सात वळणं, म्हणून जुन्या झंपराच्या सात पिशव्या. पिवळी आंब्याखालची, हिरवी पुलाजवळची. तुमचं बिऱ्हाड हललं, एका खोलीत दगडांना जागा न्हवती, म्हणून माझ्या हवाली केल्यास. "एवढं सांभाळ," म्हणालीस.

न्हाय सांभाळलं, मुबशिरे.

मॅडम येणार म्हणून आदल्या दिवशी मी सातही पिशव्या एका घमेल्यात उपड्या केल्या. दगड ब्रशनं घासून काढले. मग मिरची निवडतो तसे निवडले. मोठे एकीकडं, बारके एकीकडं, फुटके वेगळे. पिशव्या मळल्यात म्हणून त्याही धुऊन दोरीवर घातल्या. पावण्यांपुढं माल नीट मांडावा, एवढीच माझी अक्कल. मॅडमनी पहिलंच विचारलं, "यातला कुठला कुठं सापडला?" मी दोरीवरच्या पिशव्यांकडं बघाय लागले. "जागा कळली नाही, तर अर्धी माहिती गेली हो," असं त्या हळहळून म्हणाल्या. आणि मी काय बोलले ठाऊक हाय? म्हटलं, "तिनं काय सांगितलंच न्हाय." माझं पाप तुझ्या माथी मारलं. हे फोनवर सांगाय जीभ उचलंना, म्हणून पत्र.

तवापासनं रोज ओढ्याला जाते, फुटके दगड ओच्यात घेऊन, कुठं त्यांचा तुकडा गावतो का बघाय. परवा आंब्याखाली एक कपची गावली. सगळ्या दगडांना लावून बघितली. काळपट दगडाला अशी चपखल बसली गं, की मधी नख जाईना! त्याच दगडातनं उडालेली ती. तिथंच ओल्या वाळूत बसून मी रडले. ती जोडी पिवळ्या पिशवीत घातलीया. एकशे चाळीसातल्या एकाची जागा लागली.

काल मॅडमना फोन करून खरं काय ते सांगितलं. म्हणाल्या, "आता वेचणारीलाच आठवलं तर." तुला आठवंल. तू दगड दावताना त्या दिवशी कोण कुणाशी भांडलं ते सुद्धा सांगायचीस.

शिव्या घालायच्या असतील तर ये आणि ओढ्यावरच घाल. दगड मी पुढ्यात मांडते, तू नुसतं वळण सांग. सहा पिशव्या धुतलेल्या, रिकाम्या, अजून दोरीवरच हायत. काढाय माझा हात धजत न्हाय.

अकरा वर्षं जिला नुसते खडे दिसले ती,
तुझी वर्षाराणी