काही नाही

३ जानेवारी
पोचले एकदाची सेम्मनपट्टीला. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसून जपमाळ ओढायची, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना चुकवून इथे जनावरांच्या रोगतपासणी प्रयोगशाळेत नोकरीला आले, याचा लहान मुलीसारखा आनंद झाला आहे. खोलीमागे चिंच, पुढे अंजलैचा गोठा. अंजलै दूधवाली, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. पांढरी साडी आणि गळ्यातला क्रूस बघून तिने मला परस्पर सिस्टर करून टाकलं. मी नन नाही, नुसती बिनलग्नाची आहे, असं सांगितलं तर म्हणाली, म्हणजे देवाशीही जमलं नाही का सिस्टर? पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले.

७ जानेवारी
काम आवडलं. गावोगावहून मेलेल्या कुत्र्यांची, बकऱ्यांची डोकी बर्फाच्या डब्यातून येतात. शिपाई इरुलप्पन कवटी उघडतो, मी मेंदूचा कण काचेवर दाबून रंग देते, डॉ. नटेसन सूक्ष्मदर्शकातून बघतात. जनावर पिसाळलेलं असलं तर निळ्या पेशींत डाळिंबी ठिपके दिसतात. शाळेत मदर क्लोटिल्डनी कांद्याचा पापुद्रा काचेखाली दाखवला होता, तेव्हापासून त्या भिंगातून डोकावताना मी आपोआप श्वास रोखते. ठिपके दिसले की डॉक्टर माणसांना पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यायला पाठवतात. नाहीतर दारातूनच सांगतात, "काही नाही." लोक हात जोडत, हसत घरी जातात.

१६ जानेवारी
आज गुरांचा पोंगल. अंजलैने तिच्या शेवंती गाईची शिंगं निळी रंगवली, गळ्यात झेंडूची माळ घातली. पण गाय गोड भाताला तोंड लावेना. लाळेची तार गळत होती, हंबरणं घोगरं झालं होतं. अंजलै म्हणाली, उसाचं कांडं अडकलंय मेलीच्या घशात, दर पोंगलला हावरटपणा करते. मी गाईची जीभ बाजूला धरली आणि अंजलैने कोपरापर्यंत हात आत घातला. कांडं मिळालं नाही. तिच्या मनगटावर दात घासले, ते तिने पदराला पुसलं. माझ्या बोटावर कालच्या फुटक्या काचेची जखम होती. जखमेवरचं फडकं लाळेने भिजलं, ते मी बदललं.

१७ जानेवारी
शेवंती गेली. रडता रडता अंजलै बोलून गेली की नाताळच्या सुमाराला एक भटकं कुत्रं गाईच्या नाकाला चावलं होतं. इरुलप्पनला सणाच्या जेवणावरून उठवून डोकं डब्यात घालून घेतलं. प्रयोगशाळा बंद. डॉक्टरांच्या घरी गेले. ते म्हणाले, ती इंजेक्शनं उगाच घेतली तर पाय लुळे पडतात, घाई कशाला, आधी डोकं बघू. मला उद्या तिरुच्चीला निघायचंच आहे, मदर क्लोटिल्ड शेवटच्या घटका मोजताहेत, असं मी त्यांना सांगितलं. मी स्वतः बघतो, असा त्यांनी शब्द दिला.

२५ जानेवारी
मदरना पुरून परत आले. सामान टाकून आधी डॉक्टरांकडे. मान वर न करता म्हणाले, "काही नाही." अंजलैला सांगितलं तर तिने मला मिठीच मारली. मी मेणबत्ती लावली.

११ मार्च
अंजलैच्या हाताला मुंग्या येताहेत, मनगटापासून खांद्यापर्यंत. काल तिने पाण्याचा लोटा भिंतीवर फेकला. घशात काहीतरी अडकलंय म्हणते. मी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बसमध्ये खिडकीच्या वाऱ्याने ती किंचाळत होती.

१२ मार्च
इरुलप्पनला विचारलं. ते डोकं होय? म्हणाला, सणात बर्फ कुठला सिस्टर, झाकण काढलं तर आत मेंदूची पेज. डब्यासकट पुरलं.
काच केलीच नव्हती.
डॉक्टर म्हणाले, काही नाही म्हणजे बघण्यासारखं काही नाही, असंच मी म्हणालो होतो. तुम्ही शिकलेल्या बाई, एवढं कळू नये? हे बोलताना ते चहात बिस्किट बुडवत होते. आयुष्यात मी कुणावर हात उचललेला नाही. आज उचलावासा वाटला. पोटात पहिलं इंजेक्शन घेतलं. फार उशीर झाला आहे, हे मला आणि ते टोचणाऱ्या नर्सला, दोघींनाही ठाऊक होतं.

१४ मार्च
अंजलै गेली. खाटेला बांधून ठेवली होती. मला सोडून सगळ्यांना शिव्या घातल्या.

१६ मार्च
इरुलप्पन सांगतो, उन्हाळ्यात निम्मी डोकी अशीच सडून येतात. डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात, काही नाही. गेल्या महिन्यातलं वीटभट्टीचं कुत्रं, वेलमपट्टीची बकरी, शाळेजवळचं ते पिल्लू, ज्याला पोरं कडेवर घेऊन फिरायची. ती माणसं, ती पोरं अजून धडधाकट आहेत. त्यांना अजून वेळ आहे. डॉक्टरांना म्हटलं, जीप पाठवा. नुसतं सांगून या, की आम्ही बघितलंच नव्हतं. नाही म्हणाले. घबराट होईल, प्रयोगशाळेची अब्रू जाईल. मैत्रीण गेल्याने तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, अम्मा. अम्मा म्हणाले मला. त्या शब्दाचा असा वापर मी कधी ऐकला नव्हता.

१९ मार्च
बसने वीटभट्टीवर गेले. मुकादम हसला. मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले काही नाही, तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाण्या का अक्का? एका पोरीच्या पोटरीवर दातांची खूण आहे. भरत आलेली. तिची आई मला गूळ देत होती.
डॉक्टर स्वतः आल्याशिवाय कुणी ऐकणार नाही.

२२ मार्च
बोटाला मुंग्या. इंजेक्शनामुळे असेल.
इंजेक्शन पोटात घेते, बोटात नाही.

२४ मार्च
पंखा बंद करायला सांगितला. चर्चमधले फादर कम्युनियनचा प्रसाद घेऊन आले, गिळता येईना. हॉस्पिटलात आहे, अंजलैच्याच वॉर्डात. नर्सला म्हटलं, नटेसनना बोलावून आणा. मी मेले तरी चालेल पण त्यांना — पोरीची पोटरी — खूण भरली तरी आत चालूच असतं ते — मज्जातंतूतून वर —

२५ मार्च
राग जात नाही. झोपेतही दात आवळलेले. मला त्यांना चावावंसं वाटतं. हे मी लिहिते आहे की ते — माझ्या आतलं —
लाळ पुसत लिहिते. वहीला कुणी हात लावू नये.

२६ मार्च
नटेसन आले. दारात उभे आहेत, नाकाला रुमाल. म्हणतात हा वातविकार आहे, अशा वयाच्या बायकांना होतो. फादर चिडले. उशाशी बसलेल्या इरुलप्पनला मी खुणेने सांगितलं, आपलं ठरलंय ते विचार. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, अय्या, सिस्टरना पाणी पिता आलं नाही तर जीप सोडाल? स्वतः जाल? फादर, नर्स, हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, सगळे त्यांच्याकडे बघताहेत. हो म्हणाले. हो म्हणाले ते.
नर्स पेला आणते आहे. पाणी हलतंय, आवाज येतो त्याचा — इतका मोठा —
बघा नटेसन. रुमाल काढा नि नीट बघा. जीपची किल्ली इरुलप्पनच्या हातात द्या आधी — वीटभट्टी पहिली — ती पोर, पोटरीला —
पेला जवळ — मी घेते, घेते, हात धरू नका माझा — ओठाला —