उन्हातली खोळ

ता. ३ मार्च

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कानाचं यंत्र पोचलं. बारीक सेलही पोचले, आणि ते उन्हावर भरायची काळी पाटीसुद्धा. आपल्याकडची वीज असून नसल्यासारखी, म्हणून तू ही सोय केलीस. पण आठ दिवस नेमानं पाटी दुकानाच्या खिडकीत ठेवतोय आणि यंत्र ढिम्म आहे. हयगय म्हणशील तर मुळीच नाही. उन्हानं रंग विटू नये म्हणून पाटीला जाड अस्तराची खोळ शिवली आहे.

तुझी आई हल्ली बोलत नाही, कामापुरत्या खुणा करते. ओरडून घसा बसतो हे खरं, पण खुणांवर माणसानं किती दिवस काढायचे? माझ्याशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नाही की काय, असं वाटतं.

तुझे बाबा


ता. ११ मार्च

ती. बाबांस सा. न.

बाबा, आधी खोळ काढा. ती पाटी ऊन खाऊनच सेल भरते. इस्त्रीलासुद्धा खोळ शिवणारे तुम्ही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. हसून हसून पोट दुखलं आणि मग आईचं वाचून रडू आलं. दोन सेल कानात असताना दोन उन्हात ठेवा.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.

तुमची बाळी


ता. १९ मार्च

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

माझी अक्कल चरायला गेली होती. खोळ काढली, दोन दिवसांत सेल भरले. पुन्हा फजिती नको म्हणून आईला न सांगताच यंत्र कानात घातलं आणि शिवायला बसलो. मशीन किती कुरकुरतं गं! आधी त्याला तेल पाजलं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. गिऱ्हाईक आलं असेल म्हटलं, तर कोणी नव्हतं. काजं करता करता ती माझ्या पाठीशी बोलत होती. दूध नासल्याचं, गुडघ्याचं, तुझ्या लहानपणच्या निळ्या झग्याचं. मध्येच, काल नाही का सांगितलं तुम्हाला, असंही म्हणाली. म्हणजे हे रोजचंच. मला ऐकू येत नाही हे ठाऊक असून ती सगळं मलाच सांगत आली होती. माझे डोळे भरले, शिवण दिसेना.

शेवटी न वळताच म्हणालो की झगा निळा नव्हता, हिरवा होता. तिच्या हातून बटणांचा डबा सुटला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं बटणं वेचत होतो आणि भांडत होतो. निळाच होता असं ती अजून म्हणते.

रंग कोणता ते तू कळव.

तुझे बाबा