उपाशी ठेवलेली बुरशी

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. नवी बरणी पाठव आणि काय काय केलं ते नीट लिहून दे, म्हणतोस. लिहिते. बोलताना माझी बोबडी वळते, लिहिताना नाही वळत.

शाळा सोडल्यापासून मामाच्या दुकानात जुने सोफे उसवते. टाके उसवायचे, खिळे काढायचे, आतला फोम फेकायचा. मला आवडतं. सोफा कुणाला उभं करून धडा वाचायला लावत नाही. दवाखान्यातून आलेला तो बाक आठवतो ना, तुला सांगितलेला? त्याच्या कोपऱ्यात पाणी मुरलं होतं आणि तिथला फोम हात लावला की भुगा होऊन पडायचा. वर काळपट हिरवी बुरशी. मामा म्हणाला, सडलाय, फेक. पण मी रोज फोम बघते. नुसता भिजलेला फोम वाळला की पुन्हा होता तसा होतो. हा कुणीतरी खाल्लेला होता.

चिमूटभर भुगा मी कॉफीच्या रिकाम्या बरणीत नव्या फोमवर ठेवला. पहिल्यांदा मूर्खपणाच केला. बिचारीला भूक लागली असेल म्हणून मामाच्या कपातला उरलेला गोड चहा ओतला. आठवड्याभरात अशी फुगली की मी खूश. धुऊन बघते तर खालचा फोम कोराच. आयतं मिळाल्यावर फोम कोण कुरतडणार?

मग तिला उपाशी ठेवली. फोम आणि पाणी, बस्स. बहुतेक सगळी मेली. एका कडेला नखाएवढा डाग जगला. तोच उचलून पुढच्या बरणीत. तिथेही जो डाग सगळ्यात जास्त खाईल, तोच पुढे. अशा नऊ बरण्या झाल्या, दीड वर्ष गेलं. आधी एक तुकडा संपवायला तिला चार महिने लागायचे, आता पाच आठवडे पुरतात. मामी म्हणते, एवढे लाड लोक जावयाचेही करत नाहीत. मामा आधी ओरडायचा, सोफेवाल्याच्या घरात फोम खाणारी पाळतेस, उद्या दुकान खाईल. आता तोच तुकडे कापून देतो.

तुझ्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे म्हणून सातवी बरणी तुला दिली होती. ती आता फोमला तोंड लावत नाही, म्हणतोस. दादा, लवकर वाढावी म्हणून तू साखर घातलीस ना? साखरेवर आळशी भराभर वाढल्या, फोम खाणाऱ्या मागे पडल्या. ही झाली सगळी रीत. ती वाचून दीड वर्ष मिळत नाही.

काल आईचा फोन आला होता. आवाजातच कौतुक मावत नव्हतं. म्हणाली, "दादाने फोम खाणारी बुरशी शोधली. सोमवारी मोठे सर बघायला येणारेत." मी गप्प बसले. तुला वाटलं असेल, मुकी नेहमीसारखी गप्पच राहील. आईला खरं काय ते तू सांग. बरणी मी पाठवणार नाही. सोमवारी नववी बरणी घेऊन मीच येतेय. सरांसमोर अडखळेन, घाम फुटेल, एका वाक्याला पाच मिनिटं लागतील. लागू देत. मध्येच बोलून माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस. स्टँडवर घ्यायला ये. बरणी मीच धरणार.

तुझीच,
तू जिला मुकी म्हणतोस ती